रक्तात काय निघालं?

निपाणीत माझी रक्त-लघवी तपासण्याची लहानशी लॅब आहे. एकतीस वर्षे मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधतो आहे आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "रक्तात काय निघालं?" कागदावर नाव, वय, आकडे आणि नॉर्मलच्या मर्यादा असे सगळे छापलेले असते, तरीही माणूस तो कागद हातात धरून माझ्याच तोंडाकडे पाहत उभा राहतो. रक्तात सगळे कळते अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पोट दुखले तरी रक्त, चक्कर आली तरी रक्त, झोप लागत नाही तरी रक्त. ज्या श्रद्धेवर माझे घर चालते तिची थट्टा मी करणार नाही. शिवाय, महाग पडेपर्यंत ती माझीही होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि वेदगंगेच्या खोऱ्यात आमची थोडी जमीन होती. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशींच्या शब्दावर जे शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, त्यांच्यात तेही होते. विडीचा तंबाखू पिकवला, वखारीत हाताळला आणि उरलेला ओढला, असा त्यांचा त्या पिकाशी तिहेरी संबंध होता. २०१४ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लघवीच्या तक्रारीसाठी मी त्यांना बेळगावला सोनोग्राफीला नेले. प्रोस्टेट थोडी वाढलेली निघाली. अहवालाच्या अगदी तळाशी मात्र एक जादा ओळ होती : पोटातली महाधमनी मूत्रपिंडांच्या खाली फुगलेली आहे, रुंदी ४.८ सेंटिमीटर.

हृदयातून निघालेली ही सर्वांत मोठी रक्तवाहिनी त्या जागी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीन झाली की तिला फुगा, डॉक्टरी भाषेत ॲन्युरिझम, म्हणतात. शल्यचिकित्सकांनी आम्हांला समोर बसवून शांतपणे समजावले. साडेपाचपर्यंत शस्त्रक्रिया करायची नाही, कारण तोवर फुगा फुटण्याचा धोका वर्षाला शंभरात एखादाच असतो आणि पोट उघडण्याचा धोका त्याहून मोठा असतो. मात्र दर सहा महिन्यांनी माप घ्यायचे, रक्तदाब आवरायचा आणि विडी आजच टाकायची. अण्णांनी विडी खरोखरच टाकली. बाकीचे माझ्यावर होते.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, "तुझ्याकडं मशीन हाय न्हवं? मग रक्तात बघ की, कवा फुटणार त्ये."

मी म्हणालो, "अण्णा, तसं रक्तात दिसत नाही."

"का दिसत न्हाई? तळ्याच्या बांधातनं पाझर येतोय, त्यो नितळ आसला तर भ्या न्हाई. पाणी गढूळ याय लागलं की समजायचं, आतली माती निघाली. रक्त तिथनंच व्हातंय न्हवं? मग माती त्यात येनारच."

त्या वेळी मी हसलो. पुढे पुष्कळ वाचल्यावर ध्यानात आले की जगभरचे संशोधक ज्या कल्पनेमागे लागले आहेत, ती अण्णांनी बसमधल्या बसमध्ये मांडली होती.

महाधमनीची भिंत तीन थरांची असते. मधल्या थरात इलास्टिन नावाच्या लवचिक तंतूंची पाने एकावर एक रचलेली असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती ताणतात आणि मागे येतात. हे तंतू मुख्यतः बालपणीच तयार होतात. मोठेपणी शरीर ते नव्याने फारसे करत नाही, म्हणजे जन्माबरोबरची ती शिदोरी जन्मभर पुरवायची असते. त्यांच्या जोडीला कोलॅजेनचे चिवट धागे असतात. धूर, वाढता रक्तदाब, वय आणि काही घराण्यांत आनुवंशिक दोष यांमुळे भिंतीत पांढऱ्या पेशी शिरतात आणि मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे, म्हणजे एन्झाइम्स, सोडतात, जी या तंतूंचे तुकडे करतात. इलास्टिन गेले की धमनी पसरते. कोलॅजेन हरले की ती फुटते. त्यात लाप्लासचा नियम आड येतो : दाब तोच राहिला तरी नळीची त्रिज्या दुप्पट झाली की भिंतीवरचा ताणही दुप्पट होतो. फुगा जितका मोठा तितका त्याला आणखी मोठे होणे सोपे. सायकलच्या फाटक्या टायरमधून बाहेर आलेली ट्यूब ज्याने पाहिली आहे, त्याला हे गणित शिकवावे लागत नाही.

सहा महिन्यांनी माप घ्यायला बेळगावला जायचे होते. त्या आठवड्यात घरात लग्न होते. त्यानंतर पाऊस आला. मग अण्णा म्हणाले, मला काही होत नाही, कशाला उगाच खर्च. आणि मी, ज्याला सगळे कळत होते, मी मधला मार्ग काढला : दर तीन महिन्यांनी अण्णांचे रक्त काढू लागलो. साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, आणि शरीरात कुठे दाह असला की वाढणारे ईएसआर, सीआरपी. माझ्या हाताशी जे होते तेच मी मोजत गेलो. अण्णांना ते पसंत होते, कारण त्यासाठी बसमध्ये बसावे लागत नव्हते. एकदा सीआरपी २४ आले, तेव्हा घरात कोणाला झोप नव्हती. दुखरी दाढ निघाली, सीआरपी ३ वर उतरले आणि आम्ही मारुतीला नारळ फोडला. फुग्याचा या चढउताराशी काडीचाही संबंध नव्हता. अण्णांची साखर उत्तम होती, याचाही आम्हांला केवढा अभिमान! मधुमेह्यांमध्ये पोटातल्या धमनीचा फुगा इतरांपेक्षा कमीच आढळतो, ही विचित्र गोष्ट मी नंतर वाचली. त्यामुळेच मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी फुग्याची वाढ रोखते का, याच्या चाचण्या आज चालू आहेत.

अण्णा अंगाने सडपातळ होते. ते उताणे झोपले की बेंबीच्या वर ठोका डोळ्यांना दिसे. माझ्या मुलाचा हात तिथे ठेवून ते म्हणत, "बघ, तुझ्या आज्ज्याला दोन काळजं हायती." तोही एक अहवालच होता, आणि तो आम्ही रोज वाचत होतो.

२०१७ च्या डिसेंबरात एके पहाटे त्यांच्या डाव्या कुशीतून पाठीत कळ निघाली. बोलावलेल्या डॉक्टरांनी तपासले, मूतखडा असावा म्हणाले आणि इंजेक्शन दिले. त्यांना मी दोष देत नाही. फुटलेला फुगा मूतखड्याचे सोंग घेतो हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे. पण त्या चित्रात ४.८ हा आकडा भरायचा होता, आणि तो कपाटातल्या फाइलमध्ये होता, आणि ती फाइल कुठे आहे हे फक्त मला माहीत होते. मला तो आठवला नाही. मी काय केले, तर माझ्या सवयीने रक्त काढले, लॅब उघडली, जांभळ्या टोपणाची नळी यंत्राला लावली. हिमोग्लोबिन १३.२ आले. मी घरी येऊन सांगितले, "रक्त ठीक आहे."

त्या घटकेला अण्णांचे रक्त धमनीतून मागच्या बाजूला झिरपत होते. माणसाचे रक्त वाहून जाते तेव्हा तांबड्या पेशी आणि पाणी दोन्ही एकाच प्रमाणात जातात; म्हणून उरलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन पहिल्या तासांत नॉर्मलच दिसते आणि शरीर इतर ठिकाणचे पाणी ओढून ती तूट भरू लागले की मगच आकडा उतरतो. हे मी शिकाऊ मुलांना दरवर्षी शिकवतो. घागर अर्धी झाली तरी उरलेल्या ताकाचा आंबटपणा तोच असतो, अशा शब्दांत शिकवतो.

तासाभराने त्यांना घाम फुटला आणि रक्तदाब ऐंशीवर आला. निपाणीच्या माणसाला अशा वेळी आधी दिशा ठरवावी लागते : उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर बेळगाव, जुनी फाइल एका राज्यात आणि जवळचा दवाखाना दुसऱ्यात. आम्ही कोल्हापूर धरले. खाटेपाशी आणलेल्या सोनोग्राफीच्या यंत्रावर माप दिसले, ६.६. तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणी ते घेतले होते. शस्त्रक्रियेची तयारी पुरी होण्याआधी अण्णा गेले. फुगा फुटलेल्या दहा जणांपैकी आठ जण या ना त्या टप्प्यावर जातातच, असे नंतर मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. दुसरे काय करणार? अण्णांचा बसमधला प्रश्न माझ्याच धंद्यातला होता आणि त्याचे उत्तर मी हसून टाळले होते.

गढूळ पाणी खरोखर येते. इलास्टिनच्या तंतूंना एकमेकांशी बांधणारा डेस्मोसिन नावाचा एक दुवा असतो. तंतू तुटले की तो रक्तात आणि लघवीत उतरतो. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. पुढच्याच परिच्छेदात मात्र होते की इलास्टिन फुप्फुसांतही भरपूर असते आणि धुराने फुप्फुसे झिजलेल्या माणसाचे डेस्मोसिन तसेही वाढते. चाळीस वर्षे विडी ओढलेल्या, सकाळी खोकल्याने अंगण जागे करणाऱ्या माणसाच्या रक्तातला डेस्मोसिन फुप्फुसाचा की धमनीचा, हे कोणी सांगायचे? नदी गढूळ आली एवढे दिसते. माती कोणाच्या शेताची, ते पाण्यावर लिहिलेले नसते.

तंतू तोडणाऱ्या विकरांपैकी मेटॅलोप्रोटिनेज ९ चेही असेच. फुगा असलेल्यांच्या रक्तात ते बऱ्याचदा वाढलेले सापडते. पण इथे माझ्या धंद्यातली एक मेख आहे, जी मोठमोठ्या लेखांत एका ओळीत उरकलेली असते. रक्त गोठू दिले आणि वरचे सिरम घेतले, तर गोठताना पेशी स्वतःच हे विकर सोडतात आणि आकडा फुगतो. न गोठवता प्लाझ्मा घेतला तर तो बराच कमी येतो. माणूस तोच, दंड तोच, सुई तीच. फक्त टोपणाचा रंग, म्हणजे नळीचा प्रकार, बदलला आणि निष्कर्ष बदलला. अशा आकड्यावर कोणाचे पोट उघडायचे? पुढे याच विकराला आवर घालणारे म्हणून डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध दोन वर्षे देऊन पाहिले गेले. सुमारे अडीचशे रुग्णांवरच्या त्या अमेरिकी चाचणीचा निकाल २०२० साली आला : फुगे औषध घेणाऱ्यांचेही तितकेच वाढले.

सीआरपीची गोष्ट दाढेने सांगून झाली आहे. स्नायूंतल्या मायोसिनचा एक प्रकार जपानमध्ये तपासला गेला; धमनीचे थर फाटले की तो रक्तात उसळतो, पण काही तासांतच ओसरतो. ज्याला कळ येऊन दुसरा दिवस उजाडला, त्याच्यासाठी ती तपासणी बंद झालेल्या दुकानासारखी आहे.

मग एका संध्याकाळी मी कागदावर हिशेब मांडला. समजा, चार-पाच सेंटिमीटर फुगा असलेली हजार माणसे आहेत आणि वर्षात त्यांतल्या दहांचा फुगा फुटणार आहे. समजा, माझ्याकडे शंभरात नव्वद वेळा बरोबर येणारी एक उत्तम रक्ततपासणी आहे. फुटणाऱ्या दहांपैकी ती नऊ जणांना ओळखील. पण न फुटणाऱ्या ९९० जणांपैकीही ती ९९ जणांना विनाकारण घाबरवील. म्हणजे "धोका आहे" असा कागद मिळालेली माणसे १०८. जपमाळेच्या मण्यांइतकी. त्यांतले खरे नऊ, बारांत एक. या सर्वांची शस्त्रक्रिया करावी, तर ब्रिटनमधल्या एका गाजलेल्या चाचणीत पोट उघडून केलेल्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण ४.७ टक्के होते आणि मांडीतून जाळी सरकवून केलेल्यांत १.७ टक्के. १०८ पोटे उघडली तर पाच माणसे आपल्या हातून जातील, आणि त्यांतल्या बहुतेकांचा फुगा त्या वर्षी फुटणारच नव्हता. हा कागद मी अजून ठेवला आहे. तपासणी नव्वद टक्के बरोबर आहे, हे वाक्य किती थोडे सांगते, ते मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कळले नव्हते, त्या संध्याकाळी कळले. नोकरी म्हटले, पण लॅब माझीच आहे. सवयीने तसे म्हणतो.

म्हणजे मापच श्रेष्ठ, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. साडेपाच हा आकडा देवाने घालून दिलेला नाही. ब्रिटनमध्ये १९९८ आणि अमेरिकेत २००२ साली जाहीर झालेल्या दोन चाचण्यांत, त्याहून लहान फुग्यांवर घाईने शस्त्रक्रिया केल्याने माणसे जास्त जगत नाहीत असे दिसले, म्हणून तो ठरला. छातीतल्या महाधमनीत तर मापाची फजितीच होते. तिथे थर आतून चिरून रक्त भलत्या वाटेने घुसते, त्याला डिसेक्शन म्हणतात. अशा रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून २००७ साली निघालेल्या लेखात दिसले की हृदयाजवळच्या भागात चीर पडलेल्यांपैकी जवळजवळ साठ टक्के लोकांची धमनी साडेपाचच्या आतच होती आणि चाळीस टक्क्यांची पाचच्याही आत. शस्त्रक्रियेच्या रेषेच्या अलीकडेच ती माणसे कोसळली. रुंदी मोजणारा भिंतीची ताकद मोजत नाही. म्हणूनच रक्तात काहीतरी सापडावे ही धडपड आहे, आणि ती मला आता मुळीच भाबडी वाटत नाही.

एका ठिकाणी ती फळलीही आहे, पण उलट्या अंगाने. रक्ताची गुठळी विरघळताना डी-डायमर नावाचे तुकडे सुटतात. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाची बाकी लक्षणे फारशी संशयास्पद नसतील आणि डी-डायमर मिलिलिटरमागे ५०० नॅनोग्रॅमच्या आत असेल, तर डिसेक्शन बहुधा नाही, असे म्हणता येते. चार देशांतल्या सहा रुग्णालयांत १,८५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यात अशा रीतीने मोकळे ठरवलेल्यांपैकी हजारी तीनच जणांना रोग निघाला. आकडा वाढलेला असला तर मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही. न्यूमोनिया, बाळंतपण, पायातली गुठळी, नुसते म्हातारपण, कशानेही तो वाढतो. शिवाय हे सारे आज, या घटकेला काय चालले आहे त्याबद्दल आहे. पुढच्या मार्गशीर्षात काय होईल, याबद्दल डी-डायमर गप्प असतो.

आणि एक गंमत. त्याच जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रक्तातून जनुके तपासता येतात, आणि काही घराण्यांच्या बाबतीत ती तपासणी साऱ्या विकरांपेक्षा जास्त बोलते. मार्फान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असलेल्या उंच, लांब बोटांच्या माणसांतला, लवचिक तंतूंना आधार देणाऱ्या फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष १९९१ साली सापडला. असा दोष असला तर छातीतल्या धमनीसाठी साडेपाचची वाट न पाहता पाचला, कधी त्याआधीही, शस्त्रक्रिया करतात. जनुक तारीख सांगत नाही, पण कोणत्या मापाला घाबरायचे ते सांगते. आयुष्यात एकदाच काढायचे रक्त. मी अण्णांचे तीन वर्षांत बारा वेळा काढले.

फुगा घराण्यात चालतो. रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांचीही सोनोग्राफी करावी असे शल्यचिकित्सक सांगतात. इंग्लंडमध्ये तर घराण्यात असो वा नसो, पासष्टाव्या वर्षी प्रत्येक पुरुषाला एकदा बोलावतात. आमच्या तालुक्यात, जिथे तंबाखूवर पिढ्या वाढल्या, तिथे असे कोणी कोणाला बोलावत नाही. पोटावर जेली लावून दहा मिनिटे लागतात. सुई नाही, वेदना नाही. मी माझी करून घेतली. २.१ आली.

धाकटा भाऊ मात्र ऐकेना. त्याचे वय बावन्न, विडी अण्णांचीच चालू. गेल्या श्रावणात तो स्वतःहून लॅबमध्ये आला आणि बाही वर करून खुर्चीत बसला.

"दादा, काढ रक्त. सगळ्या टेस्टा लाव. पैसे देतो पाहिजे तर."

पट्टा माझ्या हातातच होता. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, शटर अर्धे ओढले आणि त्याला गाडीत घालून बेळगावला नेले. वाटेत तो दोनदा म्हणाला की निदान साखर तरी बघायची होतीस.

सोनोग्राफीवाल्या मॅडमनी उभे माप घेतले, आडवे घेतले, परत घेतले. ३.४.

"म्हणजे काय रे?" त्याने मला विचारले, मॅडमना नाही.

"म्हणजे वर्षाने परत यायचं. आणि खिशातलं बंडल हितंच टाकायचं."

"रक्तात काय करायचं न्हाई?"

"न्हाई."

लॅबच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर अण्णांच्या बारा तपासण्या ओळीने लिहिलेल्या आहेत. सगळे आकडे नॉर्मल, फक्त एक सीआरपी लाल शाईत. त्याखाली मी भावाचे नाव लिहिले, ३.४ लिहिले आणि पुढच्या श्रावणातली तारीख घातली. नव्या वर्षाचे कालनिर्णय आले की पहिल्यांदा त्या तारखेला खूण करायची आहे, तेवढे बायकोला सांगून ठेवले आहे. तिच्या लक्षात राहते.